बीफ एन्चिलाडा घरी: कोणता डबा, कोणत्या टॉर्टिया, कोणतं चीज

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात लाल एन्चिलाडा सॉसचे निदान चार-पाच प्रकारचे डबे ओळीने मांडलेले असतात. डबा उघडा, टॉर्टियात (मेक्सिकन पातळ पोळीत) खिमा भरा, वर सॉस आणि चीज घाला, की अर्ध्या तासात जेवण तयार, असा त्यांचा दावा असतो. हे परीक्षण त्या डब्यांचं आणि त्यांच्यासोबत टोपलीत पडणाऱ्या बाकीच्या सामानाचं. निकाल आधीच सांगतो. डबा चालतो, पण उघडून थेट ओतायचा नाही, दहा मिनिटं शिजवून घ्यायचा. टॉर्टिया चुकीची आणली तर मात्र पुढे काही केल्या सावरत नाही. किसलेल्या चीजची पिशवी घेऊ नका. खिमा महागातला आणायचं काही कारण नाही.

खिमा, वर पिवळं वितळलेलं चीज आणि ओव्हन हे एन्चिलाडाचं टेक्सासमधलं रूप. मेक्सिकोत टॉर्टिया मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून तेलात परततात, आत चीज किंवा चिकन घालतात, वर कच्चा कांदा पसरतात आणि लगेच वाढतात. ओव्हनचा संबंध बहुधा येतच नाही. टेक्सासमध्ये सॉसच्या जागी ‘चिली ग्रेव्ही’ आली, म्हणजे चरबीत मैदा भाजून त्यात चिली पावडर आणि मांसाचं पाणी घातलेला दाट रस. न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेब्हार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९०च्या दशकात तयार चिली पावडर विकायला सुरुवात केली आणि हा रस घरोघरी सोपा झाला. न्यू मेक्सिकोत मैदा कमी आणि मिरची जास्त. दुकानातले डबे या सगळ्यांच्या अधेमधे कुठेतरी बसतात, म्हणूनच एकाची चव दुसऱ्याशी जुळत नाही.

आता डबे. ओल्ड एल पासोचा ‘माइल्ड’ सगळीकडे मिळतो. तिखटपणा जवळपास नाही, चव टोमॅटोकडे झुकलेली, किंचित गोडसर. लहान मुलांना चालतो. मोठ्यांना तो केचपचा लांबचा नातेवाईक वाटू शकतो. लास पाल्मासमध्ये मिरची पुढे असते, टोमॅटो मागे. थोडा कडवटपणाही असतो, आणि बीफबरोबर तो हवाच. या दोघांत निवड करायची असेल तर आम्ही डोळे झाकून लास पाल्मास घेऊ. फक्त नाव नीट वाचा: त्यांचाच ‘रेड चिली सॉस’ शेजारीच ठेवलेला असतो आणि ती वेगळी वस्तू आहे. हॅचचा डबा न्यू मेक्सिकोच्या वळणाचा, मातकट चवीचा आणि जरा पातळ. बदकाचं चित्र असलेला एल पातोचा पिवळा डबा लहान आणि स्वस्त दिसतो म्हणून घेतला जातो, पण तो एन्चिलाडा सॉस नाही. तो मिरची घातलेला टोमॅटो सॉस आहे आणि चांगलाच झणझणीत आहे. खिम्यात दोन चमचे घालायला उत्तम, वरून ओतायला नको.

डब्याच्या आकारात हमखास घोळ होतो. १० औंसाचा (२८३ ग्रॅम) डबा जेमतेम सहा एन्चिलाडांना पुरतो. १३ बाय ९ इंचाच्या ट्रेमध्ये बारा बसतात आणि त्यांना २८ औंसाचा (७९४ ग्रॅम) मोठा डबाच लागतो, म्हणजे साधारण तीन कप सॉस. १९ औंसात भागवायला गेलं की टॉर्टियांची टोकं कोरडी राहतात, आणि कोरडी राहिलेली टॉर्टिया ओव्हनमध्ये चामड्यासारखी चिवट होते. सॉस उरला तर फ्रिजमध्ये राहतो आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांवर घालता येतो. कमी पडला तर काहीच करता येत नाही. ग्लूटेन टाळणाऱ्यांनी घटकयादी वाचल्याशिवाय डबा उचलू नये. काही सॉस मैद्याने दाट केलेले असतात, काही मक्याच्या स्टार्चने.

डब्यातल्या सॉसचं मुख्य दुखणं म्हणजे त्यातला मसाला तेलात परतलेला लागत नाही. कच्चट वास येतो, वर डब्याची म्हणून एक आंबूस चव असते. आपल्याकडे फोडणीशिवाय आमटी जशी लागेल तसंच हे. उपायही तोच. कढईत दीड टेबलस्पून तेल तापवा, दोन लसूणपाकळ्या बारीक चिरून घाला, अर्धा टीस्पून जिरेपूड आणि एक टेबलस्पून आंचो या सौम्य मेक्सिकन सुक्या मिरचीची पूड घालून मंद आचेवर वीस-तीस सेकंद परता. रंग गडद होऊन वास सुटला की लगेच सॉस ओता. इथे वेंधळेपणा झाला आणि पूड काळी पडली तर ती सरळ फेकून द्या, तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. अर्धा कप बीफ ब्रॉथ (मांस उकळलेलं पाणी) घालून दहा मिनिटं उकळू द्या. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर धरला पाहिजे, पण तो ओघळलाही पाहिजे. मीठ घालू नका. डब्यात मीठ असतं, ब्रॉथमध्ये असतं, चीजमध्ये असतं. तिन्ही एकत्र आल्यावर पदार्थ खारट झाल्याची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते.

मराठी स्वयंपाकघरात घात होतो तो इथे. अमेरिकन कृतीत ‘दोन टेबलस्पून चिली पावडर’ लिहिलेलं असतं आणि आपला हात लाल तिखटाच्या डब्याकडे जातो. अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी बाटली मिळते ती नुसती मिरची नसते. सौम्य मिरचीत जिरं, ओरेगानो, लसणाची पूड आणि बऱ्याचदा मीठ मिसळलेलं असतं. तेवढंच लवंगीचं किंवा गुंटूरचं तिखट घातलं तर ट्रे कुणालाही खाता येणार नाही. घरात फक्त आपलंच तिखट असेल तर काश्मिरी किंवा ब्याडगीचं घ्या, दीड टेबलस्पूनच घ्या आणि जिरेपूड वेगळी घाला. गरम मसाला मात्र नको. लवंग-दालचिनीचा वास आला की तो खिम्याचा रोल होतो, एन्चिलाडा राहत नाही.

वेळ असेल तर डबा विसरून सुक्या मिरच्यांचा सॉस करावा. खर्च डब्याएवढाच येतो आणि चवीत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. बारा एन्चिलाडांना आठ ग्वाहियो आणि तीन आंचो. ग्वाहियो रंग आणि धार देते. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, ती मनुकांसारखा गोडसर गरपणा देते. देठ आणि बिया काढा, मिरच्या तव्यावर उलथन्याने दाबून प्रत्येक बाजूला दहा-पंधरा सेकंदच भाजा. त्या फुगतात, वास येतो, बस. मग कढत पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. ते पाणी चाखून पाहा. कडू असेल तर ओतून द्या आणि वाटताना ब्रॉथ वापरा. तीन लसूणपाकळ्या, पाव कांदा, अर्धा टीस्पून जिरं, अर्धा टीस्पून मेक्सिकन ओरेगानो आणि अडीच कप ब्रॉथ घालून मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं वाटा, मग गाळणीतून गाळा. गाळणं टाळायचं नाही. ग्वाहियोची साल चिवट असते, कितीही वाटली तरी तिचे कण दातात येतात. शेवटी दोन टेबलस्पून तेलात हे वाटण ओतून आठ-दहा मिनिटं परता. आधी भडक तांबडा असलेला रंग विटकरी होतो आणि कडेला तेल दिसायला लागतं. मेक्सिकन ओरेगानो ही पिझ्झावरच्या ओरेगानोपेक्षा वेगळी वनस्पती आहे, घाणेरीच्या कुळातली. पिझ्झाचा ओरेगानो घातला तर सॉसला इटालियन वास येतो. नसेल तर सरळ वगळा.

टॉर्टियांबद्दल ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं, पण सगळी गंमत तिथेच आहे. मक्याच्याच हव्यात, सहा इंची. मैद्याच्या टॉर्टिया सॉस पितात आणि ओव्हनमध्ये त्यांचा चिकट लगदा होतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या एन्चिलाडा किटमध्ये बहुधा मैद्याच्याच टॉर्टिया असतात. पदार्थ वाईट होतो असं नाही, पण तो वेगळा पदार्थ होतो. मिशन आणि गरेरो हे दोन्ही ब्रँड ग्रूमा या एकाच मेक्सिकन कंपनीचे. १९४९ मध्ये नुएवो लिओनमधल्या सेराल्वो गावात मक्याच्या पिठाच्या गिरणीपासून सुरू झालेली ही कंपनी मासेका पीठही विकते. ब्रँडपेक्षा पाकिटावरचं ‘एक्स्ट्रा थिन’ जास्त महत्त्वाचं. ते दिसलं की पाकीट परत ठेवा. पातळ टॉर्टिया डाएटला बऱ्या असतील, गुंडाळायला नाहीत. दुकानातच भाजलेल्या गरम टॉर्टिया मिळत असतील तर त्या घ्या, पण आदल्या दिवशी. ताज्या टॉर्टियात पाणी जास्त असतं, त्या सॉसमध्ये विरघळायला लागतात. एक दिवस शिळ्या झाल्या की नेमक्या कामाच्या होतात.

आता फ्रिजमधून काढलेली टॉर्टिया सरळ गुंडाळून बघा. मधोमध चिरते. थंड झाल्यावर तिच्यातला स्टार्च कडक होतो, म्हणून असं होतं. गरम केला की तो पुन्हा मऊ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये ओल्या कापडात गुंडाळून गरम केल्या तरी वळतात, पण नुसत्या वाफेने मऊ झालेली टॉर्टिया सॉस लागला की फुगते आणि तळाशी खीर होते. म्हणून तेल. लहान कढईत पाव इंच तेल १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि एकेक टॉर्टिया प्रत्येक बाजूला पाच-सात सेकंद सोडा. बुडबुडे येतील, कडा किंचित थरथरेल, पण रंग बदलता कामा नये. रंग आला म्हणजे ती टोस्टाडा (कडक तळलेली टॉर्टिया) झाली, आता मोडणारच. चिमट्याने काढून कागदावर उभी निथळवा. तेलाचा थर बसला की सॉस आत शिरायला वेळ लागतो आणि टॉर्टिया वाढेपर्यंत धड राहते. तळण नको असेल तर दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ट्रेवर तीन-चार मिनिटं ठेवा. तळल्याच्या पाऊणपट तरी काम होतं, आणि घाईच्या दिवशी आम्ही हेच सुचवू.

पुण्या-मुंबईत किंवा पणजीत हे करणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपलं मक्याचं पीठ टॉर्टियाला चालत नाही. टॉर्टियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन मग दळलेला असतो. त्या चुन्यामुळे दाण्याची साल सुटते आणि पीठ चिकटपणा धरतं. साध्या पिठाची भाकरी होईल, पण ती वळता येणार नाही. ‘मासा हारिना’ म्हणून मिळतं ते पीठ आणा. दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी, सोळा टॉर्टिया होतात. गोळा दाबल्यावर कडेला चिरा गेल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटला तर जास्त. कॉर्नफ्लोअर म्हणून आपल्याकडे मिळतो तो निव्वळ स्टार्च, त्याचा इथे काही उपयोग नाही. सुक्या मिरच्यांच्या जागी दहा-बारा ब्याडगी आणि चार-पाच मनुका वाटल्या तर रंग आणि गोडी बरीच जवळ येते. राहिलं मांस. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीचं मांस मिळतं. गोव्यात बीफ मिळतं. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे खिमा परतताना दोन टेबलस्पून तेल जास्त घाला, नाहीतर भुसा होतो.

खिमा अमेरिकेत टक्केवारीने विकतात: ८० टक्के मांस, २० टक्के चरबी, किंवा ८५-१५, ९३-७. एन्चिलाडाला ८०-२० किंवा ८५-१५ घ्या. ९३-७ महाग असतो आणि कोरडा होतो. ‘अँगस’, ‘प्रीमियम’ वगैरे लेबलांचे जास्तीचे पैसे इथे अक्षरशः सॉसखाली गाडले जातात. बारा एन्चिलाडांना एक पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम पुरतो. पसरट तवा चांगला तापवा, खिमा पसरून तीन-चार मिनिटं हात लावू नका. आपल्याला सतत ढवळायची सवय. त्याने पाणी सुटतं आणि खिमा भाजण्याऐवजी उकडतो, करड्या रंगाचा आणि बेचव. खालून तांबूस झाला की मोडा, पूर्ण शिजवा (आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस), आणि एक टेबलस्पून ठेवून बाकीची चरबी काढून टाका. त्या चरबीत एक मध्यम कांदा आणि दोन लसूणपाकळ्या परता, एक टीस्पून जिरेपूड, अर्धा टीस्पून मीठ, तयार सॉसमधले तीन टेबलस्पून. टोमॅटो घालू नका, मटार तर नकोच. सारण सुकंच हवं, अंगासरशी ओलं. जास्त ओल्या सारणाची वाफ टॉर्टिया आतून फाडते.

रविवारी सवड असेल तर खिम्याऐवजी चक रोस्ट (खांद्याकडचं मांस) घ्यावं. दोन इंचांचे तुकडे, प्रेशर कुकरमध्ये ४५ मिनिटं, मग काट्याने उकलून घ्यायचं. त्याचं पाणी सॉसला लागतंच, म्हणजे डब्यातला ब्रॉथ आणायला नको. चव खिम्यापेक्षा निश्चित वरची. आठवड्यातल्या मधल्या दिवशी मात्र या भानगडीत पडू नये.

चीजबद्दल थोडक्यात. किसलेल्या चीजच्या पिशवीत कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. ते नीट वितळत नाही, रवाळ राहतं. लादी आणा आणि घरी किसा, पाच मिनिटांचं काम आहे. १२ औंस (३४० ग्रॅम) पुरतं: अर्धं चेडर, अर्धं माँटेरी जॅक. नुसतं चेडर जास्त वेळ तापलं की तेल सोडतं, जॅक ते सांभाळून घेतं. मोझरेला घातला तर मुलांना तारा काढायला मजा येते, चवीत मात्र भर पडत नाही.

मांडणीला फार डोकं लागत नाही. तळाला पाऊण कप सॉस, प्रत्येक टॉर्टिया सॉसमध्ये बुडवून, दोन मोठे चमचे सारण आणि चिमूटभर चीज, गुंडाळून शिवण खाली. एकमेकींना चिकटून दाटीवाटीने बसवा, मग त्या उलगडत नाहीत. उरलेला सॉस आधी टोकांवर, मग मध्ये. वर चीज. १९० अंश सेल्सिअसला (३७५ फॅरनहाइट) अठरा ते वीस मिनिटं, फॉइल न लावता. कडेला सॉस खदखदला की बाहेर काढा. खिमा आधीच शिजलेला आहे, जास्त वेळ ठेवून फक्त टॉर्टिया मऊ पडते. काढल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, नाहीतर उलथनं घातलं की सगळं एकत्र येतं. वर कच्चा पांढरा कांदा बारीक चिरून आणि कोथिंबीर. कांदा वगळू नका, चीजचा जडपणा तोच तोडतो.

गुंडाळत बसायला कंटाळा असेल तर न्यू मेक्सिकोची पद्धत वापरा. तिथे टॉर्टिया गुंडाळण्याऐवजी थर लावतात: टॉर्टिया, सॉस, सारण, चीज, पुन्हा टॉर्टिया, आणि वर अर्धकच्चं तळलेलं अंडं. चिरलेल्या, तुटलेल्या टॉर्टियाही त्यात खपून जातात. ऑफिसमधून साडेसहाला घरी येऊन आठला पानं मांडायची असतील तर ही पद्धत गुंडाळण्यापेक्षा सरस आहे, असं आमचं स्पष्ट मत.

आदल्या रात्री तयारी करायची तर टॉर्टिया तेलातून काढून, सारण भरून, गुंडाळून ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवा, पण सॉसमध्ये बुडवू नका आणि वरून ओतूही नका. सॉस वेगळ्या बरणीत. भाजायच्या वेळी तो गरम करून ओता, पहिली पंधरा मिनिटं फॉइल लावा आणि एकूण वेळात दहा मिनिटं वाढवा. उरलेल्या एन्चिलाडा फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. मायक्रोवेव्हमध्ये त्या मऊ पडून लगदा होतात, म्हणून तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण घालून मंद आचेवर गरम करा. खालची बाजू जराशी खरपूस होते.